एका खुर्चीचे तीन मॅनेजर

आयुष्यात मला तीन बढत्या मिळाल्या त्या एकाच दुपारी, आणि त्याही नोकरी लागायच्या आधी. पुढं सगळी नोकरी एकाच टेबलावर काढली, पण त्या दुपारसारखं हवेत चालणं पुन्हा काही झालं नाही.

बी.कॉम.चा निकाल लागून मी घरी बसले होते. आमचं घर पालीला. वडील बीडच्या एस.टी. आगारात मेकॅनिक. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. बिंदुसरेच्या धरणाचा तळ भेगाळून उघडा पडला होता आणि गावातली पोरं तिथं क्रिकेट खेळत होती. जनावरं छावणीत गेलेली, त्यामुळं सकाळ झाली तरी गावात हंबरणं ऐकू येत नसे. ऐकू येई तो टँकरचा हॉर्न आणि त्याच्यामागं पळणाऱ्या घागरींचा खणखणाट. अशा दिवसांत माणसानं तोंड पाडून बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला ते जमायचं नाही. त्या वयात मला कशाचंही हसू यायचं, आणि माझी मैत्रीण तर माझ्याहून वरताण.

ती बीडची. कॉलेजात आम्ही कायम एका बाकावर. तिचे वडील प्राथमिक शिक्षक. तिच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात शिक्षणाच्या वर काही नाही. सर्टिफिकेटांची एक लोखंडी पेटी होती आणि तिची किल्ली तिच्या वडिलांच्या गळ्यात जानव्यासारखी असते असं मी एकदा बोलून गेले, तर ती तासभर हसत होती आणि नंतर म्हणाली, "जानवं अन् आमच्या बापाच्या गळ्यात! त्यांना सांगू का?" फार हसली की तिला उचकी लागायची, आणि उचकी लागली की तिचं तिलाच आणखी हसू यायचं. वर्गातून आम्ही दोघी किती वेळा बाहेर गेलो त्याला गणती नाही.

बीडच्या एका पेपरात चौकोनी जाहिरात आली. एका सहकारी दूध संघाला क्लार्क-कम-टायपिस्ट पाहिजे, पदवीधरांनी मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटावं, त्वरित. 'त्वरित' हा शब्द वर एकदा आणि खाली एकदा असा दोनदा छापला होता. मैत्रीण म्हणाली, "बघ, किती गरज आहे त्यांना आपली." मलाही त्यात आपला मानच दिसला.

जागा एक आणि आम्ही दोघी. पण त्यावरून आमच्यात काही आलं नाही. जिला मिळेल तिनं दुसरीला पहिल्या महिन्यात साडी घ्यायची, एवढं ठरवून आम्ही मोकळ्या झालो. ती बीडहून बसली, पालीला तिनं खिडकीतून हात काढून मला जागा धरल्याची खूण केली, आणि घाट चढेपर्यंत आम्ही एकमेकींचे इंटरव्ह्यू घेत होतो. "सहकार म्हणजे काय?" असं मी जाड आवाजात विचारलं तर ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी जागा धरली तो." पुढच्या सीटवरचे फेटेवाले काका वळून बघायला लागले तशा आम्ही पदर तोंडात कोंबला.

संघ मांजरसुंब्याच्या चौकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होता. तो संघ आता उरलेला नाही आणि त्याचं नाव घेण्यात मला काही रस नाही. मोठं लोखंडी फाटक, आत पत्र्याचं लांबलचक शेड, भिंतीवर एक गाय रंगवलेली. रंगाऱ्यानं गायीला हसरा चेहरा दिला होता. त्या एवढ्या आवारात जनावर म्हणून तीच एक. शेडमध्ये दुधाचे कॅन उपडे घालून चळती लावल्या होत्या, चकचकीत, एकही पोचा नाही. "काय स्वच्छता आहे!" मी म्हणाले. मी गावात वाढलेली. दुधाच्या कॅनभोवती माशा असतात, जमीन ओली असते, कोपऱ्यात आंबूस वास येतो, मांजर बसलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नोकरी मिळवायच्या आनंदात माणसाचं नाकसुद्धा त्याच्या बाजूनं राहत नाही.

बाकावर आमच्याआधी एक जण बसला होता. आमच्याच वयाचा, काटकुळा, आणि त्या रखरखत्या उन्हात अंगात काळा कोट. घाम कानशिलावरून कॉलरीत चालला होता.

"कोट कावून घातलाय हो एवढ्या उन्हाचा?" मैत्रिणीनं विचारलं.

"इंटरव्ह्यू हाय म्हणल्यावर मेहुण्यानं दिला," तो म्हणाला. "त्याच्या लग्नातला हाय. काढू नको म्हणला, आतून शर्ट लई फाटलाय."

हे त्यानं इतक्या सरळपणानं सांगितलं की आम्हाला हसताच येईना. तो आष्टीकडचा. आईवडील हंगामात ऊसतोडीला जायचे आणि हा आश्रमशाळेत, मग वसतिगृहात राहून पदवीधर झालेला. घरातला पहिलाच. आणखी कुणी उमेदवार आलं नाही. मला तेव्हा वाटलं, बरंच झालं, गर्दी नाही.

आधी मैत्रीण आत गेली. लवकरच बाहेर आली. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले.

"काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिला उचकी लागली. ती तोंड फिरवून त्या हसऱ्या गायीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, बिचारीचं झालं नाही. मग माझं नाव पुकारलं.

आत टेबलामागं तिघं बसले होते. मधे चेअरमन. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि चेहरा असा प्रसन्न की जणू मी त्यांच्या मुलाला पसंत पडून आले आहे. डावीकडचे डायरेक्टर प्रत्येक वाक्याला 'बराबर' म्हणत. उजवीकडचे डायरेक्टर पोटावर हात ठेवून शांत झोपले होते.

"बस पोरी," चेअरमन म्हणाले. "पालीची का? लई चांगलं गाव. वडील काय करतेत?"

"एस.टी.त मेकॅनिक आहेत."

"म्हंजे गावात शब्दाला मान असणार."

"बराबर," डावीकडून.

मी टायपिंगचं सर्टिफिकेट पुढं केलं. इंग्रजी चाळीस, मराठी तीस. रात्रंदिवस बोटं मोडून मिळवलेलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"ते ऱ्हाऊ दे. सही करता येती का?"

मला वाटलं चेष्टा करतात. "येते की."

"तसं न्हाई. पटापटा येती का? एका बैठकीत लई सह्या करायच्या म्हणल्या तर हात दुखत न्हाई ना?"

"नाही दुखत."

"मराठीतून का इंग्रजीतून?"

"दोन्ही."

चेअरमननी दोन्ही डायरेक्टरांकडं अभिमानानं पाहिलं. "दोन्ही म्हणती!"

"बराबर."

"मग ताई," चेअरमन पुढं झुकले, "क्लार्कचं काम तुमच्या शिक्षणाला शोभत न्हाई. तुमी अकाउंटंट व्हा."

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. एवढ्यात चहा आला. कपात पाहिलं तर कोरा, काळाभोर. दूध संघातला चहा! मी क्षणभर कपाकडं बघत राहिले ते त्यांच्या लक्षात आलं.

"आमाला डाक्टरनं दूध बंद केलंय," चेअरमन म्हणाले. "तिघाला बी."

"बराबर."

झोपलेल्या डायरेक्टरांनाही बंद केलं होतं म्हणजे. मी फुंकर मारून घोट घेतला आणि चांगला आहे म्हणाले.

"कामावर कवा येता? उद्या सकाळी जमंल? अगदी सकाळी सकाळी?"

"जमेल."

"बघा! असं माणूस पायजे. बाई, अकाउंटंट तरी कशाला, असिस्टंट मॅनेजर व्हा तुमी. इथं नोकर-मालक असलं काही न्हाई. आमी सगळे एका घरातल्यासारखे राहतो." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आता तुमाला काही विचारायचंय का आमाला?"

मला काय विचारायचं असणार? असिस्टंट मॅनेजर झालेल्या बाईनं उगाच प्रश्न विचारून काम बिघडवावं का?

"नाही," मी म्हणाले.

चेअरमननी सुटकेचा असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "मॅडम," ते उठून उभे राहिले, "तुमीच आमच्या मॅनेजर."

या शब्दाला उजवीकडचे डायरेक्टर जागे झाले, "अभिनंदन मॅडम" म्हणाले आणि पुन्हा झोपले.

पोरी, ताई, बाई, मॅडम. कप रिकामा व्हायच्या आत. चेअरमननी स्वतः मला शेजारची खोली दाखवली. मोठं टेबल, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली फिरती खुर्ची, वर पंखा. "हे तुमचं ऑफिस." मग हात पुढं केला. "ओरिजिनल सर्टिफिकेटं तेवढी ठेवून जा. फायलीला लागतेत. उद्या आल्या की मिळतील." त्यांनी खुर्चीसमोरचा ड्रॉवर थोडासाच उघडला, माझी प्लास्टिकची पिशवी फटीतून आत सरकवली आणि घाईनं बंद केला. "अन् एक. बाहीर कुणाला बोलू नका. बाकीच्या लेकरांचं मन दुखतं."

मी बाहेर आले ती जमिनीला पाय न लावता. कोटवाला आत गेला. मैत्रिणीनं "काय झालं?" विचारलं. मी "काही नाही" म्हणाले आणि मीसुद्धा गायीकडं बघत उभी राहिले. आम्ही दोघी शेजारी शेजारी, गायीसारख्याच हसऱ्या.

कोटवाला बाहेर आला तेव्हा त्याचा कोट हातात होता आणि शर्ट खरोखरच फाटलेला होता. त्याला त्याचं भान नव्हतं.

चौकातल्या ढाब्यावर आम्ही तिघं एका बाजेवर बसलो. ट्रक येत-जात होते, धुळीचे लोट उठत होते, आणि आम्ही तिघं इतके प्रेमळ झालो होतो की सांगता सोय नाही. मी मैत्रिणीचा हात हातात घेतला. "नाराज होऊ नकोस. तुला चांगली नोकरी मिळेल बघ." ती माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत म्हणाली, "मी कशाला नाराज होऊ? तूच मनाला लावून घेऊ नकोस." कोटवाला आम्हा दोघींची समजूत घालायला लागला. "ताई, नशिबाचा खेळ असतो. तुमी हुशार आहात. आज शेवभाजी माझ्याकडून."

"नाही, माझ्याकडून," मी म्हणाले.

"मुळीच नाही, माझ्याकडून," मैत्रीण म्हणाली.

"अहो, आज माझा मान हाय!"

"का? तुमचा कसला मान?"

कोटवाल्यानं इकडं तिकडं पाहिलं. त्याच्यानं ते धरवेना. "सांगू नका म्हणलेत. पण मॅनेजर केलंय मला."

मैत्रिणीला इतक्या जोरात उचकी लागली की ढाबेवाला पाणी घेऊन आला. "मला," तिनं छातीवर बोट ठेवलं, "मला केलंय... हिक्... मॅनेजर."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी नुसता हात वर केला.

पुढं किती वेळ आम्ही हसत होतो ते सांगता येणार नाही. बाज करकर वाजायला लागली. कोटवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं हे मला नंतर कळलं. शेवभाजी आली. पहिला घास घेतला आणि त्या घासाबरोबर आमची डोकी ठिकाणावर यायला लागली.

"तुमाला सही विचारली का?" कोटवाल्यानं विचारलं.

"हात दुखतो का विचारलं," मैत्रीण म्हणाली.

"मला बी! मी म्हणलं, उसाच्या मोळ्या बांधल्यात हातानं, सह्यांनी काय दुखायचं. तर चेअरमन म्हणाले, शाबास."

"पण सह्या करायच्या कशावर?" मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडून तो प्रश्न ऐकून मला धक्का बसला. हे तिथं, त्यांच्यासमोर का नाही सुचलं? "तिथं एक माशी नव्हती. तुम्ही पाहिलंत का? दुधाचा संघ आणि एक माशी नाही."

"चहा कोरा," मैत्रीण म्हणाली.

"डाक्टर," कोटवाला म्हणाला.

"तिघांनाही एकच डॉक्टर!" आणि पुन्हा आम्ही कोसळलो. पण या वेळी हसू लवकर ओसरलं, कारण मला आठवलं की माझी दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं त्या ड्रॉवरमध्ये आहेत. कोटवाल्याचीही होती. मैत्रीण तेवढी सुटली होती. पेटीबाहेर मूळ कागद काढायला तिच्या वडिलांनी साफ नकार दिला होता आणि तिनं साक्षांकित झेरॉक्सच आणल्या होत्या. कोटवाल्याचा घास हातातच राहिला. "ती गेली तर मी काहीच न्हाई," तो म्हणाला. "घरी दाखवायला दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"चला," मैत्रीण उठली. "पोटभर जेवा आधी. मग चला. आपण तीन मॅनेजर आहोत. आपल्याला कोण अडवणार?"

खरंच कुणी अडवलं नाही. फाटकावरच्या वॉचमननं उलट सलाम ठोकला. त्याला प्रत्येक वेळी नवा मॅनेजर सांगितला असणार, त्यानं तिघांना मिळून एकच सलाम केला. चेअरमन टेबलावर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते. आम्हाला तिघांना एकत्र पाहून त्यांचे पाय खाली आले.

"सायेब," कोटवाला म्हणाला. बोलताना तो टेबलापर्यंत पुढं सरकला. "मॅनेजर नक्की कोण?"

चेअरमन कसलेले. त्यांनी पापणीसुद्धा लववली नाही. "बसा बसा. त्यात काय एवढं? तुमी जनरल मॅनेजर. ह्या मॅडम मॅनेजर. अन् ह्या दुसऱ्या मॅडम..." त्यांनी क्षणभर विचार केला, "मॅनेजिंग डायरेक्टर!"

"बराबर," डावीकडून आलं.

उजवीकडचे डायरेक्टर खडबडून जागे झाले. "मग मी कोण?"

मैत्रिणीनं भिंतीकडं तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. मला मात्र आता एक वेगळीच मजा चढली होती. मघाशी त्या खोलीत मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. आता मी उभी होते, पोट भरलेलं होतं, आणि मला लई काही विचारायचं होतं.

"मागचे मॅनेजर कुठं गेले?"

"जेवायला," चेअरमन म्हणाले.

"मग येतील की आता."

"न्हाई, गेलते ते गेलते. आलेच न्हाईत."

"कधी गेलते?"

चेअरमननी वर्तमानपत्राची घडी घातली. डावीकडच्यांना 'बराबर'ची सवय, त्यांच्या तोंडून उत्तर निसटलं. "शिमग्याच्या आधी."

"आणि दूध? दूध कधीपासून येत नाही?"

"अहो मॅडम, दुष्काळ हाय!" चेअरमन कळवळून म्हणाले, आणि मला वाटतं त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं खरं वाक्य होतं. "जनावरं छावणीत, माणसं टँकरमागं. दूध यायचं कुठून? पण वर तर आलंय म्हणून कळवलंय ना. आता उद्या जिल्ह्याचे सायेब यायलेत तपासणीला. रजिस्टरावर मागच्या सह्या पायजेत अन् खुर्चीवर माणूस दिसाया पायजे. मागचं काय असंल ते मॅनेजरला इचारा म्हणलं, की आमी मोकळे. एवढंच काम हाय. उद्यापुरतं."

कोटवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याच्याकडं पाहून माझी उरलीसुरली भीती गेली. मला आतून असं काही उसळून आलं की माझा मलाच आवाज ओळखू येईना.

"मॅनेजर मी आहे ना?" मी विचारलं.

"अर्थात, मॅडम!"

"मग मला माझं टेबल बघू द्या."

मी शेजारच्या खोलीत गेले, टॉवेल टाकलेल्या त्या फिरत्या खुर्चीवर ऐटीत बसले आणि ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला. माझी पिशवी होती. तिच्यावर कोटवाल्याची फाईल. आणि त्याच्यामागं, आतल्या कोपऱ्यात, पितळी कड्यांचा चार पुडांचा डबा. झाकणावर धूळ. डब्यावर घडी घातलेला चष्मा.

"अहो," मी आतूनच ओरडले, "तुमचे मॅनेजर जेवायला गेले म्हणता, आणि डबा तर इथंच आहे!"

यावर उजवीकडचे डायरेक्टर एकदम हसले. खरंखुरं, पोट हलवून. त्यांना थांबताच येईना. "मी म्हणलं होतं डबा काढा म्हणून!" ते चेअरमनला म्हणाले. मैत्रिणीनं भिंत सोडली आणि ती सरळ खालीच बसली. हसू असं असतं, ते बाजू बघत नाही. क्षणभर चेअरमनसुद्धा हसले. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं.

मी बाहेर येऊन कोटवाल्याची फाईल कोटवाल्याच्या हातात दिली. "साहेब, मी राजीनामा देते," मी म्हणाले.

"मी बी," कोटवाला म्हणाला.

मैत्रिणीनं जमिनीवर बसल्या बसल्याच हात वर केला आणि उचकी दिली.

"अहो पण उद्यापुरतं तरी!" चेअरमन आमच्यामागं फाटकापर्यंत आले. "कुणीतरी एक! तिघं नका येऊ, एकच या!" वॉचमननं जाताना पुन्हा सलाम केला. आम्ही चालायला लागलो, मग भरभर चालायला लागलो, आणि चौक दिसताच धावलो. कारण काही नव्हतं. कुणी पाठलाग करत नव्हतं. नुसतं धावावंसं वाटलं म्हणून धावलो, तिघंही, कोट हवेत फडकवत.

कोटवाला आष्टीकडच्या गाडीत चढला, आम्हा दोघींना घाटातून उतरणारी काळीपिवळी जीप मिळाली. आत माणसं ठासून भरलेली. मैत्रिणीनं आणि मी एका सीटवर चौघींत बसून पालीपर्यंत सगळा प्रसंग पुन्हा केला, ती चेअरमन आणि मी 'बराबर'. जीपमधली माणसं आधी कान देऊन ऐकत होती, मग तीही प्रश्न विचारायला लागली, आणि एक आजी म्हणाल्या, "पोरींनो, पण तो मॅनेजर उपाशीच गेला का गं?" त्यावर सगळी जीप हसली, आजी सोडून.

घरी पोचले तर टँकर येऊन गेलेला. आई रिकाम्या घागरी घेऊन उभी. मी सांगायला सुरुवात केली, "आई, मी मॅनेजर झाले होते," तर ती म्हणाली, "हो का? मग त्या घागरी उचला मॅनेजरीणबाई, खालच्या आळीला दुसरा टँकर आलाय." वडिलांना रात्री जेवताना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "गाडी फुकट द्यायला काढली असंल तर मी आधी तिच्याखाली झोपून बघतो." तेवढंच. मग माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

तपासणीला साहेब आले होते म्हणे. खुर्चीवर उजवीकडच्या डायरेक्टरांना बसवलं होतं आणि ते तिथंही झोपले. ही बातमी वडिलांना आगारातल्या एका कंडक्टरनं सांगितली, खरी-खोटी त्याची त्याला. त्या पावसाळ्यात संघाला कुलूप लागलं. मागचे मॅनेजर पुण्याला मुलाकडं सुखरूप होते, हे मात्र पक्कं कळलं, आणि ऐकून मला फार बरं वाटलं. मैत्रीण बँकेच्या परीक्षेत पास झाली आणि लातूरला गेली. पहिल्या पगारात तिनं मला साडी पाठवली, नोकरी तिला वेगळीच मिळाली असली तरी. कोटवाला ग्रामसेवक झाला. त्यानं लग्नाला बोलावलं तेव्हा त्याच्या अंगात स्वतःचा कोट होता, आणि लग्न थंडीत होतं.

मला नोकरी मिळाली ती एका खरेदी-विक्री संघात, तोही सहकारीच. घरातले म्हणाले, पुन्हा तेच का? मी म्हणाले, बघून तर येते. तिथले व्यवस्थापक आंबट चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी मला बसा म्हणण्याआधी एक पत्र टाईप करायला दिलं, त्यातल्या चुकांवर लाल गोल केले आणि पुन्हा करायला लावलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पगार कधी कधी उशिरा होतो. खताचा हंगाम आला की रविवारसुद्धा सुटत नाही. शेतकरी ओरडतात आणि त्यांचं बरोबर असतं. पंखा नाही. चालेल?" मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच सरकले.

"मला काही विचारायचंय," मी म्हणाले.

"विचारा."

"आधीचे टायपिस्ट कुठं गेले?"

त्यांनी पेन्सिलनं खिडकीकडं दाखवलं. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पेपर पसरून बसले होते. "रिटायर झाले. घरी करमत नाही म्हणून रोज येऊन बसतात. त्यांनाच विचारा काय विचारायचं ते."

म्हाताऱ्यांनी पेपर खाली केला. मी काही विचारायच्या आत त्यांनीच तक्रारी सुरू केल्या. पाण्याचा माठ गळतो, शिपाई ऐकत नाही, आणि साहेबांचं अक्षर देवालाही लागत नाही. साहेब समोर बसून हे सगळं ऐकत होते आणि मान हलवत होते. "अन् पोरी," म्हातारे शेवटी म्हणाले, "त्या मशीनचं 'र' अडकतं. जोरात दाबायचं न्हाई. हलकं दाबायचं, दोनदा."

मी दुसऱ्या दिवशी रुजू झाले. पहिलंच पत्र कुणा शेतकऱ्याला होतं, बियाण्यांच्या पोत्यांबद्दल. 'र' खरंच अडकत होतं.